‘तेरेद मने’ आणि विद्यार्थी पोलीस कॅडेट : खानापूर भागातल्या एका शिक्षकाचा अभिप्राय

कर्नाटक पोलिसांच्या ‘तेरेद मने’, म्हणजे उघडे घर, या उपक्रमात शाळकरी मुलांना पोलीस ठाण्यात बोलावून तेथील कामकाज दाखवले जाते. आमच्या मराठी माध्यमाच्या शाळेतल्या मुलांबरोबर मी त्यात सहभागी झालो असल्यामुळे आणि विद्यार्थी पोलीस कॅडेट योजनाही जवळून पाहिली असल्यामुळे माझे मत आधीच सांगून टाकतो. ठाण्याची भेट उत्तम आहे, कॅडेट योजना हेतूने चांगली पण वेळेच्या बाबतीत तोकडी आहे, आणि ज्या वयात पोरांची पोलिसांशी खरी गाठ पडते त्या वयापर्यंत या दोन्हींपैकी काहीच पोहोचत नाही.

भेटीत भाषणे झाली, ती सोडून देतो. मुले रमली ती वायरलेसच्या टेबलापाशी आणि स्टेशन डायरीसमोर. ११२ वर फोन आला की पुढे काय होते, गाडी कोण पाठवते, नोंद कुठे होते, हे एका महिला हवालदारांनी डायरीचे पान उघडून सांगितले. आठवीतल्या एका मुलीने विचारले, “बाई, मला कन्नड नीट येत नाही, तक्रार मराठीत चालेल काय?” त्यावर बाई म्हणाल्या, “सांग की तू मराठीत, लिहितो आम्ही कन्नडात, आणि वाचून दाखवूनच सही घेतो.” हे उत्तर केवळ सौजन्याचे नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार तोंडी दिलेली खबर लिहून घेतल्यावर ती देणाऱ्याला वाचून दाखवावी लागते आणि तिची प्रतही विनामूल्य द्यावी लागते. सीमाभागातल्या मराठी घरांतल्या किती मोठ्या माणसांना हे ठाऊक असेल, याविषयी मला शंकाच आहे. त्या एका प्रश्नोत्तराने भेटीचे सार्थक झाले, असे मी म्हणेन.

जे सांगायला हवे होते ते मात्र राहिले. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम १०७ प्रमाणे प्रत्येक ठाण्यात किमान सहायक उपनिरीक्षक दर्जाचा बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असावा लागतो. अठरा वर्षांखालील मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. मुलांवरील लैंगिक गुन्ह्यांसाठीच्या ‘पोक्सो’ कायद्यानुसार मुलाचा जबाब घेताना अधिकाऱ्याने गणवेशात असू नये, असेही बंधन आहे. हा बाल कल्याण अधिकारी कोण, एवढे तरी मुलांना दाखवून द्यायला हवे होते. लॉकअप दाखवला, रायफल दाखवली. ज्याच्याशी मुलांना पुढे बोलावे लागू शकते तो माणूस तेवढा दाखवला नाही.

विद्यार्थी पोलीस कॅडेट योजना २०१० मध्ये केरळात सुरू झाली आणि २०१८ च्या जुलैत केंद्र सरकारने ती देशभर लागू केली. ती आठवी-नववीच्या मुलांसाठी असून तिला पाठ्यपुस्तक नाही, परीक्षाही नाही. गुन्हे प्रतिबंध आणि मूल्ये असे तिचे दोन मोठे भाग आहेत. केंद्राच्या आराखड्यात प्रत्येक शाळेला ५० हजार रुपये आणि महिन्याला एक तास आहे. सुट्ट्या, सहामाही आणि स्नेहसंमेलन वजा केल्यावर वर्षाकाठी जेमतेम आठ-नऊ तास हाती उरतात. कवायतीला मुले आनंदाने उभी राहतात, परंतु रस्ता सुरक्षेपासून आपत्ती व्यवस्थापनापर्यंतचे विषय एवढ्या वेळात वरवरच चाळले जातात. त्यातच मी पाहिलेली माहितीपुस्तिका कन्नडमध्ये होती. तिचा आशय मराठीत समजावण्याचे काम अखेर आमच्याच सहशिक्षिकेकडे आले. मुलांनी कन्नड शिकावे हे मलाही मान्य आहे, पण अमली पदार्थांविषयीचा इशारा ज्याला कळायला हवा त्याला तो पहिल्या वाचनातच कळायला हवा.

खरी उणीव याच्या पुढची आहे. दहावीनंतर मुलगा गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळात जातो आणि शिवजयंतीच्या चित्ररथामागे धावपळ करू लागतो. याच सुमारास ठाण्याकडून त्याला पहिला कागद येतो आणि तो बहुधा शांतता राखण्याच्या हमीचा असतो. पूर्वी हे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १०७ होते, १ जुलै २०२४ पासून ते नव्या नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १२६ झाले आहे. पुढे रावडी शीट, म्हणजे पोलिसांच्या गुंडांच्या नोंदीत नाव, उघडले जाईल की काय, ही धास्ती आईबापांना असते, कारण सैन्यात किंवा पोलिसांत भरती व्हायचे तर चारित्र्य पडताळणी आडवी येते. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र ज्या बेळगावात आहे तिथल्या घरांसाठी ही चिंता काही लहान नाही. मंडळांची शांतता समितीची बैठक होते, पण तिथे बोलतात अध्यक्ष आणि पंच. ज्यांच्यासाठी ती भरते ती पोरे दाराबाहेर मोटारसायकलींवर बसलेली असतात. त्यांना आत बोलावून, नोटीस म्हणजे शिक्षा नव्हे, तिला उत्तर कसे द्यायचे, कोणत्या वर्तनाने गुन्हा नोंद होतो, हे मराठीत सांगणारा अर्धा तास मला कवायतीच्या दहा तासांपेक्षा अधिक मोलाचा वाटतो.

भरतीपूर्व मार्गदर्शनाचीही गरज आहे. १६०० मीटर धावण्याचा सराव आमची मुले शेताच्या बांधावरही करतात. अडतात ती लेखी परीक्षेत, कारण कर्नाटक पोलीस भरतीची प्रश्नपत्रिका कन्नड आणि इंग्रजीत असते. तिथे पोलिसांनीच कन्नडचा वर्ग घेतला, तर कोणीही नाही म्हणणार नाही.

ज्या शाळांना भेट ठरवायची आहे त्यांनी गणेशोत्सवाचा बंदोबस्त, १ नोव्हेंबरचा, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाचा आठवडा आणि बेळगावच्या सुवर्ण विधानसौधातले विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन टाळावे, कारण त्या दिवसांत निम्मे ठाणे बाहेर असते. मुख्याध्यापकांच्या पत्रात मराठी बोलणारा कर्मचारी सोबत असावा, अशी विनंती आवर्जून लिहावी. आमच्या पत्रात ती होती आणि ती मान्यही झाली. मुलांचे प्रश्न आधी लिहून घ्यावेत, आणि बाल कल्याण अधिकाऱ्यांची भेट त्या यादीत सर्वांत वर ठेवावी.