तंबोरा झेपेना, मग काय? तंबोरी की मशीन

सांगलीकर गाणाऱ्यांचं एक सुख आहे. तंबोरा दुखावला तर मिरज जवळ, सतारमेकर गल्ली गाठायची. पण तंबोरा ठणठणीत आणि आपला अंगठाच दुखावला तर? माझं तसं झालं. गेलं वर्षभर मोठा तंबोरा, तंबोरी (त्याची छोटी बहीण) आणि मशीन (इलेक्ट्रॉनिक तानपुरा) असे तिन्ही घरात ठेवून रियाज केला.

आधी पाहा, नेमकं काय जड जातंय. तारा छेडायला ताकद लागतच नाही. ती लागते उचलायला आणि तार ताणणारी खुंटी पिळायला. पावसाळ्यात लाकूड फुगून खुंटी अडकली की अंगठ्याच्या मुळातून कळ निघते.

खांदाच कुरकुरत असेल तर मोठा तंबोरा विकायची घाई नको. उभा धरणं सोडा, शेजारी उशीवर आडवा ठेवून छेडा. खुंट्या कुणा शिष्याकडून लावून घ्या, किरकोळ फरक घोडीखालचे (तारा जिच्यावर टेकतात ती घोडी) मणी सरकवून मिटतो. जवारी, म्हणजे घोडीचा माथा घासून तारेला आणलेला झंकार, नीट लागली की खर्जाच्या (सर्वांत खालच्या ‘सा’च्या) तारेतून आपोआप उमटणारा तो गंधार, म्हणजे ‘ग’, दुसरीकडे कुठेच इतका भरून ऐकू येत नाही. मात्र जमिनीवर बसणंच सुटलं असेल तर हा पर्याय अवघड.

तंबोरीला भोपळ्याऐवजी चपटी लाकडी पेटी असते. खुर्चीत बसून मांडीवर आडवी घेता येते, गवसणीत घालून एका हाताने उचलताही येते. आस, म्हणजे छेडल्यावर रेंगाळणारा नाद, कमी, आवाज थोडा बारीक. पहिले आठ दिवस मला तो खेळण्यासारखा वाटला, खोटं कशाला बोलू. पण काही तंबोरींना खुंट्यांऐवजी गिटारसारख्या चाव्या बसवलेल्या मिळतात, आणि दुखऱ्या अंगठ्याला तिथेच खरा आराम आहे. मिरजेच्या तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ठीक आहे. पण घेताना चिठ्ठी पाहू नका, चावी स्वतः पिळून पाहा.

मशीनला ताकद शून्य. बटण दाबलं की सूर हजर. 1979 साली बंगळुरात जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तानपुरा बनवला, तेव्हापासून कितीतरी गायकांची प्रवासातली ओझी उतरली. माझी तक्रार एकच: तीन महिने नुसत्या मशीनवर गायले आणि तारा जुळवणारा कान आळसावला. मोबाईलवरचं ॲपही तसंच, वर त्याच्या इवल्याशा स्पीकरमधून खर्ज येतच नाही. वेगळा स्पीकर जोडा.

काहीही घेण्याआधी स्वतःची पट्टी, म्हणजे तुमचा ‘सा’ कुठे लागतो ते, तपासा. वयाबरोबर आवाज उतरतो. मी पेटीच्या काळी चारवरून (चौथी काळी पट्टी) काळी तीनवर आले. जुन्या तारा तेवढ्या उतरवल्या तर सैल पडतात. जाड तारा आणि नव्याने जवारी, हा खर्च धरावाच लागतो.

माझ्याकडे आता रोज तंबोरी, बोटं आखडली त्या सकाळी मशीन. मोठा तंबोरा रविवारी भाची येऊन लावते. मी नुसती शेजारी बसून पंचम चढा झाला की टोकते.