प्रीपोमॅक्स + कॅल्क्युलिक्स: एफईए शिकवताना आठ महिने वापरल्यावर

मेकॅनिकलच्या मुलांचं एफईएचं प्रॅक्टिकल माझ्याकडे असतं. एफईए म्हणजे एखाद्या भागाचे कॉम्प्युटरवर छोटे तुकडे पाडून तो किती वाकेल, त्यात ताण किती येईल हे काढायचं तंत्र. आधीच्या पॅकेजचं लायसन्स लॅबमधल्या मोजक्याच मशीनवर चालायचं. एका मशीनभोवती पाच जण, माउस एकाच्या हातात, बाकीचे मान उंचावून बघणार. याचा मला मनापासून त्रास व्हायचा. म्हणून जुलैपासून सगळी प्रॅक्टिकलं प्रीपोमॅक्स या एफईए सॉफ्टवेअरवर घेतली.

स्लोव्हेनियातल्या मारिबोर विद्यापीठाच्या मातेय बोरोविन्शेक यांनी ते तयार केलंय. आतला सॉल्व्हर, म्हणजे प्रत्यक्ष गणित सोडवणारा प्रोग्राम, कॅल्क्युलिक्स; तो गुइडो डोंट आणि क्लाउस व्हिटिग या म्युनिकच्या एमटीयू या विमानइंजिनांच्या कंपनीतल्या इंजिनिअरांचा. दोन्ही मोफत. आता मुलं हॉस्टेलच्या खोलीत बसूनही मॉडेल चालवतात.

पहिलं प्रॅक्टिकल साध्या कॅन्टिलिव्हरचं, म्हणजे एकाच टोकाला घट्ट बसवलेल्या पट्टीचं. 200 मिमी लांब, 20 रुंद, 10 जाड, स्टील, टोकाला 100 न्यूटन. आधी कागदावर गणित: टोक 0.76 मिमी खाली जाणार, फिक्स्ड बाजूला स्ट्रेस (ताण) 60 एमपीए, म्हणजे दर चौरस मिमीला 60 न्यूटन. त्यावर माझी सही झाल्याशिवाय लॅपटॉप उघडायचा नाही. मग मुद्दाम सेकंड ऑर्डर (एलिमेंटच्या कडांना वाकू देणारा पर्याय) बंद करायला लावतो आणि जाडीत एकच एलिमेंट, म्हणजे एकच तुकडा, ठेवतो. डिफ्लेक्शन निम्म्याहूनही कमी येतं! रंगीत चित्र मात्र अगदी झकास दिसतं. सेकंड ऑर्डर बंद असताना मिळणाऱ्या चार कोपऱ्यांच्या एलिमेंटच्या, म्हणजे लिनियर टेट्राच्या, आत स्ट्रेन (ताणामुळे होणारा आकारातला बदल) सगळीकडे सारखाच असतो, त्यामुळे त्याला नीट वाकताच येत नाही, हे फळ्यावर मी कैक वर्षं सांगत आलोय. पण मुलांना ते पटतं ते इथे, स्वतःचं कागदावरचं उत्तर शेजारी असताना. सेकंड ऑर्डर चालू केली की आकडा 0.76 च्या जवळ येऊन बसतो.

मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट म्हणजे इनपुट फाइल. नोटपॅडमध्ये उघडा, नोड (एलिमेंट जोडणारे बिंदू), एलिमेंट, बाउंडरी (कुठे काय अडवलंय), लोड, सगळं वाचता येतं. फिक्स्ड सपोर्ट म्हणजे 1 ते 3 या दिशा बंद, एवढी एक ओळ. फॉरमॅट अबॅकस या कंपन्यांमध्ये वापरल्या जाणाऱ्या एफईए पॅकेजसारखाच असल्यामुळे पुढे नोकरीतही ही ओळख कामाला येते.

अडचणी आहेतच. प्रीपोमॅक्स विंडोजसाठी आहे, त्यामुळे मॅकवाल्या मुलांना जोडीदार शोधावा लागतो. युनिटकडे तर डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. मिमी-टन पद्धतीत (लांबी मिमीत, वस्तुमान टनात) स्टीलची डेन्सिटी 7.85e-9, तिथे कुणी सवयीने किलो-मीटरमधलं 7850 टाकलं की कंपनाची फ्रिक्वेन्सी दहा लाख पटीने कमी येते.

फेब्रुवारीत एक मुलगी एल-ब्रॅकेट घेऊन आली. "सर, मेश बारीक करतेय तसा स्ट्रेस वाढतच चाललाय." मेश म्हणजे एलिमेंटचं जाळं. 4 मिमीच्या एलिमेंटला 142 एमपीए, 2 ला 190, 1 ला 258. मी म्हटलं, "अजून अर्धा करून बघ." पुन्हा वाढला. मग आतल्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे रेडियसच (गोलाई) दिलेला नव्हता, आणि धारदार आतल्या कोपऱ्यात लिनियर इलॅस्टिक गणिताप्रमाणे स्ट्रेसला अंतच नसतो. तिने कोपऱ्याला 5 मिमीचा फिलेट, म्हणजे गोलाई, दिला, तीन मेश चालवले, आकडा स्थिरावला. जर्नलमध्ये तिने दोन्ही तक्ते लावले आणि पहिल्याखाली लिहिलं: "हा आकडा डिझाइनला वापरू नये."