बंद लॅपटॉप की उघडता येणारा: निवड करण्यापूर्वी

गेल्या आठ वर्षांत मी दोन लॅपटॉपांवर काम केले. पहिला ‘बंद’, म्हणजे आतले भाग सुटे न होणारा, पण पातळ आणि हलका होता. त्याची रॅम (चालू कामापुरती स्मृती), साठवण (फाइली कायम राहतात तो भाग) आणि बाकीचे जवळजवळ सर्व काही मदरबोर्डवरच, म्हणजे आतल्या मुख्य बोर्डवरच, सोल्डर करून पक्के केलेले होते. दुसरा, जो आजही वापरात आहे, थोडा जाड आणि वजनदार आहे, आणि त्याच्या तळाचे सात स्क्रू काढले की रॅम, एसएसडी (म्हणजे साठवण), बॅटरी, पंखा आणि वायफायचे कार्ड सुटे होते. माझे काम अनुवादाचे आणि पुस्तकांच्या मांडणीचे आहे आणि मी रत्नागिरीत राहतो. या दोन्ही गोष्टींनी माझे मत घडवले आहे, त्यामुळे ज्यांचे काम वेगळे आहे किंवा ज्यांच्या घरापासून सर्व्हिस सेंटर दोन स्टेशनांवर आहे, त्यांनी पुढील मजकूर आपल्या परिस्थितीशी ताडून घ्यावा.

पहिल्या लॅपटॉपविषयी मनात आकस ठेवून लिहिणे योग्य होणार नाही, कारण साडेतीन वर्षे त्याने मला उत्तम साथ दिली. एसटीच्या प्रवासात मांडीवर घेऊन प्रुफे तपासता येत, खांद्यावरची पिशवी कधी जड वाटली नाही, आणि सकाळी चार्ज करून निघालो तर दुपारच्या जेवणानंतरही बॅटरी शिल्लक असे. सध्याच्या लॅपटॉपवर तेवढा वेळ मिळत नाही. घड्याळ लावून मी कधी मोजले नाही, पण चार तासांनंतर प्लगची जागा शोधण्याची सवय मला लागली आहे. हा फरक वरवरचा नाही. बोर्डवर बसवली जाणारी एलपीडीडीआर जातीची रॅम कमी व्होल्टेजवर चालते, तिचे संकेत प्रोसेसरपर्यंत अगदी आखूड वाटेने पोहोचतात, आणि त्यामुळे ती वेग देऊनही वीज कमी खाते. ॲपलने २०२० मध्ये एम१ प्रोसेसर आणताना आणि इंटेलने २०२४ मध्ये ल्युनर लेक प्रोसेसर आणताना रॅम थेट प्रोसेसरच्या पॅकेजमध्येच, म्हणजे त्याच्याच आवरणात, बसवली, ती याच हेतूने. दुरुस्तीसुलभ लॅपटॉपसाठीच नावारूपाला आलेल्या फ्रेमवर्क कंपनीनेही २०२५ मध्ये जो डेस्कटॉप जाहीर केला, त्याची रॅम सोल्डर केलेली ठेवली, कारण निवडलेल्या प्रोसेसरला लागणारा वेग स्लॉटमधून, म्हणजे रॅमची सुटी पट्टी बसवण्याच्या खाचेतून, मिळत नव्हता. म्हणून रॅम सोल्डर करणारी प्रत्येक कंपनी ग्राहकाला अडकवण्यासाठीच तसे करते, असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

मात्र रॅमला लागू पडणारे हे कारण साठवणीला तितकेसे लागू पडत नाही. एम.२ जातीची एसएसडी च्युइंगगमच्या पट्टीएवढी असते, एका स्क्रूने बसते, आणि निदान माझ्यासारख्या वापरात तिच्या वेगाची कमतरता कधी जाणवत नाही. ती बोर्डवर कायमची बसवल्याने अर्धा मिलिमीटर जाडी वाचत असेल, पण त्या अर्ध्या मिलिमीटरची किंमत काय असते, ते मला एका पावसाळ्यात कळले. माझा निर्णय या एकाच प्रसंगाने झाला, म्हणून तो थोडा सविस्तर सांगतो.

जुलै महिना होता. वीज दिवसातून चार-पाच वेळा जात होती. लॅपटॉपची चार्जिंगची पिन काही दिवसांपासून सैल वाटत होती. वायर एका विशिष्ट कोनात धरली तरच दिवा लागत असे. एके संध्याकाळी तो कोनही सापडेना. बॅटरी संपली आणि लॅपटॉप बंद पडला. आत एका मोठ्या पुस्तकाचा चार महिन्यांचा अनुवाद होता. बॅकअप मी घेत असे, पण शेवटचा बॅकअप अकरा दिवसांपूर्वीचा होता, आणि त्या अकरा दिवसांत दोन प्रकरणांचे पुनर्लेखन झाले होते. गावातील ओळखीच्या दुरुस्तीवाल्याने खालचे झाकण उघडून पाहिले आणि प्रामाणिकपणे सांगितले, ‘‘सर, पिन दोनशे रुपयांची आहे, पण ती बोर्डवरच आहे आणि शेजारी मेमरीच्या चिपा आहेत. हीट देताना त्या गेल्या तर तुमचा डेटाही गेला. मी हात लावणार नाही.’’ मग आंबा घाट चढून कोल्हापूरचे सर्व्हिस सेंटर गाठले. तिथे उत्तर असे मिळाले की पिन स्वतंत्रपणे बदलली जात नाही, पूर्ण मदरबोर्ड बदलावा लागेल, तो यायला सुमारे तीन आठवडे लागतील, खर्च नव्या लॅपटॉपच्या निम्म्याहून अधिक येईल, आणि साठवण जुन्या बोर्डवरच असल्याने त्यातील काहीही परत मिळणार नाही. तसे लिहिलेल्या कागदावर सही मागण्यात आली. मी सही केली नाही.

खर्च मी सोसला असता. मला खुपले ते वेगळेच: बिघाड विजेच्या पिनेत होता, माझे लिखाण आत सुखरूप होते, त्याला काहीही झालेले नव्हते, आणि तरीही त्या दोन्ही गोष्टी एकाच तुकड्यावर असल्यामुळे एकीच्या दुरुस्तीसाठी दुसरी टाकून द्यावी लागत होती. शेवटी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील एका चिप लेव्हल काम करणाऱ्या तंत्रज्ञाने सूक्ष्मदर्शकाखाली तीच पिन बदलून दिली आणि लॅपटॉप सुरू झाला. म्हणजे दुरुस्ती शक्य होती. पण त्यात एकोणीस दिवस गेले, दोन वेळा मुंबईला जावे लागले, आणि तेवढा काळ माझे हस्तलिखित माझ्या ताब्यात नव्हते. प्रकाशकाला रोज काय सांगावे, याची चिंता मी अजून विसरलेलो नाही.

दुसरा लॅपटॉप मी यानंतर घेतला. कार्यालयांसाठी बनवल्या जाणाऱ्या मालिकेतील, चौदा इंची, रॅमचे दोन स्लॉट असलेला. घेताना त्यात ८ जीबी रॅम होती. मांडणीच्या मोठ्या फाइलींना ती अपुरी पडू लागली तेव्हा दुसऱ्या स्लॉटमध्ये १६ जीबीची पट्टी घातली, आणि त्या कामाला स्क्रू काढण्यापासून लावण्यापर्यंत चहा गार होण्याइतका वेळही लागला नाही. कोकणातील दमट हवेत कीबोर्डच्या कळा दोन वर्षांनी अडखळू लागल्या. कीबोर्ड घरीच बदलला. चौथ्या वर्षी बॅटरी किंचित फुगून ट्रॅकपॅड वर आल्यासारखा वाटला, तेव्हा तीही बदलली. यातील एकाही कामासाठी लॅपटॉप उंबऱ्याबाहेर गेला नाही.

बोर्ड मात्र याचाही गेला. गेल्या वर्षीच्या गणपतीच्या आदल्या आठवड्यात लॅपटॉप अचानक सुरूच होईना. या वेळी मी एसएसडी काढली, सातशे रुपयांच्या यूएसबी खोक्यात बसवली आणि भाच्याच्या लॅपटॉपला जोडली. अर्ध्या तासात मी त्याच फाइलीच्या त्याच पानावर काम करत होतो. बोर्डाची दुरुस्ती सावकाश, पंधरा दिवसांनी झाली, आणि त्या पंधरा दिवसांची मला फारशी आठवणही नाही. बिघाड दोन्ही वेळा झाला, तेव्हा दुसरा लॅपटॉप अधिक टिकाऊ आहे असा माझा दावा नाही. दुसऱ्या वेळी काम थांबले नाही, एवढेच मी सांगू शकतो.

येथे एक सूचना करणे आवश्यक आहे, कारण ती बहुधा दुकानात कोणी करत नाही. आजकाल विंडोज अनेक लॅपटॉपांवरील साठवण आपोआप कुलूपबंद करते आणि किल्ली मदरबोर्डवरील सुरक्षा चिपमध्ये ठेवते. अशी एसएसडी दुसऱ्या यंत्राला जोडली की ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते, पण खात्याचाच पासवर्ड बंद पडलेल्या लॅपटॉपमध्ये असेल तर सुटी निघणारी एसएसडीही उपयोगाची नाही. मी ती की कागदावर लिहून कपाटात ठेवली होती, म्हणून माझी अर्ध्या तासात सुटका झाली.

उघडता येणाऱ्या लॅपटॉपच्या मर्यादाही नीट समजून घ्याव्यात. ‘अपग्रेड’ या शब्दाने अपेक्षा वाढतात, पण प्रत्यक्षात बहुतेक लॅपटॉपांत रॅम आणि एसएसडी एवढेच वाढवता येते. प्रोसेसर बोर्डवरच असतो आणि तो जुना झाला की बाकी सुधारणांना अर्थ उरत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची सर्वसाधारण सुरक्षा-सेवा संपली आणि सहाव्या-सातव्या पिढीचे इंटेल प्रोसेसर असलेले कितीतरी धडधाकट लॅपटॉप विंडोज ११ च्या अटींबाहेर राहिले. त्यांचे स्लॉट रिकामे असूनही त्यांना उपयोग झाला नाही. फ्रेमवर्कच्या लॅपटॉपमध्ये मदरबोर्डच नवा घालता येतो, हा याला अपवाद आहे, आणि माझ्या मते तोच खरा अपग्रेड आहे. दुसरी अडचण सुट्या भागांची. माझ्या लॅपटॉपसाठी पहिली बॅटरी मी स्वस्त पाहून मागवली, ती चार महिन्यांत बसली. दुसरी मूळ कंपनीची घेतली. झाकण उघडते म्हणून आत काय घालायचे याचा विवेक आपोआप येत नाही.

या दोन टोकांच्या मधले लॅपटॉपही बरेच आहेत, आणि अनेकांना तेच परवडतील. काहींची अर्धी रॅम बोर्डवर असते आणि एक स्लॉट मोकळा असतो. एसएसडी सुटी असते. लेनोव्होच्या थिंकपॅड मालिकेत हा प्रवास स्पष्ट दिसतो. २०१८ च्या टी४८० मध्ये रॅमचे दोन स्लॉट होते आणि मागची बॅटरी तर लॅपटॉप चालू असतानाही काढता येत असे, पण त्याच वर्षीच्या पातळ टी४८०एस मध्ये काही रॅम बोर्डवर गेली. पुढच्या टी१४ च्या काही पिढ्यांतही तसेच झाले, आणि २०२४ च्या पाचव्या पिढीत, दुरुस्तीच्या मार्गदर्शिका देणाऱ्या आयफिक्सिट कंपनीच्या मदतीने आराखडा करताना, दोन्ही स्लॉट परत आले. त्याच वर्षी थिंकपॅड पी१ मध्ये एलपीकॅम२ नावाची रॅम आली, जी एलपीडीडीआरचे गुण राखूनही स्क्रूने बसते आणि काढता येते. हा प्रकार सामान्य किमतीच्या लॅपटॉपांत उतरला तर वेग आणि बॅटरीसाठी रॅम सोल्डर करावीच लागते, हा मुद्दा बराचसा निकाली निघेल, असे मला वाटते.

कायद्याकडूनही काही अपेक्षा आहेत. फ्रान्समध्ये जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपवर दहापैकी दुरुस्ती-गुण छापणे सुरू झाले. युरोपीय संघात १८ फेब्रुवारी २०२७ पासून, काही अपवाद वगळता, अशा उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात पोर्टल सुरू केले. दुरुस्तीचा हक्क हा ग्राहकाचा हक्क मानला जावा, असे मला मनापासून वाटते, आणि तो पाटीवरील गुणांपुरता न राहता सुट्या भागांच्या वाजवी किमतीपर्यंत पोहोचावा. परंतु ज्याला या महिन्यात लॅपटॉप घ्यायचा आहे, त्याला स्वतःच पाहून घ्यावे लागेल.

जे सतत प्रवासात असतात, ज्यांचे सर्व काम कंपनीच्या सर्व्हरवर असते, आणि बिघाड झाला की दुसऱ्या दिवशी हातात दुसरे यंत्र येते, त्यांनी बंद, हलका लॅपटॉप जरूर घ्यावा. त्यांना माझ्या जाड लॅपटॉपचे ओझे वाहण्याचे काही कारण नाही. अशा वेळी रॅम मात्र आजच्या गरजेपेक्षा दुप्पट घ्यावी आणि वाढीव वॉरंटीसाठी पैसे बाजूला ठेवावेत. पण ज्यांचे लिखाण, हिशेब, विद्यार्थ्यांच्या गुणांच्या याद्या किंवा ग्राहकांची कागदपत्रे त्याच एका यंत्रात असतात आणि जवळचे सर्व्हिस सेंटर घाटापलीकडे आहे, त्यांनी माझ्या मते निदान एसएसडी सुटी असल्याची खात्री केल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

ही खात्री करणे अवघड नाही. लेनोव्हो, डेल आणि एचपी या कंपन्या कार्यालयीन मालिकांच्या दुरुस्ती-पुस्तिका आपल्या संकेतस्थळांवर मोफत ठेवतात. मॉडेलचे नाव घालून ती उतरवून घ्यावी आणि रॅम, एसएसडी, बॅटरी, कीबोर्ड आणि चार्जिंगची पिन ही पाच प्रकरणे चाळावीत. ज्या भागासाठी स्वतंत्र प्रकरण नाही आणि तो मदरबोर्डच्या प्रकरणातच येतो, तो भाग बिघडल्यावर काय होईल हे तिथेच कळते. माहितीपत्रकात रॅमपुढे ‘ऑनबोर्ड’ लिहिले असेल आणि सोबत स्लॉट नसेल तर ती वाढणार नाही. साठवणीपुढे ‘एम.२’ लिहिलेले असेल तर ती बहुधा निघते, तरी पुस्तिकेतील चित्र पाहून घ्यावे. माझ्या भाच्याने यंदा लॅपटॉप घेताना दुकानातच फोनवर ही पुस्तिका उघडली. त्याने निवडलेल्या लॅपटॉपची अर्धी रॅम बोर्डवर आहे, पण एसएसडी सुटी आहे आणि चार्जिंगची पिन वेगळ्या वायरवर आहे, म्हणून मी त्याला अडवले नाही. घरी आल्यावर त्याने पहिल्यांदा ती ४८ अंकी की वहीच्या शेवटच्या पानावर लिहून काढली.