संयोजी ऊती ओळखताना: आधी पेशी पाहाव्यात की आधी तंतू?

ऊतिशास्त्राच्या प्रात्यक्षिकात संयोजी ऊतीची (इतर ऊतींना जोडणाऱ्या व आधार देणाऱ्या ऊतीची) काचपट्टी समोर आल्यावर ओळख पेशींवरून सुरू करावी की तंतूंवरून, हे विद्यार्थ्याने आधीच ठरवलेले बरे. माझा कौल तंतूंच्या बाजूने आहे.

अभिस्तर ऊतीत (पृष्ठभाग झाकणाऱ्या ऊतीत) पेशी एकमेकींना चिकटलेल्या असल्यामुळे तिचे वर्गीकरण पेशींचा आकार आणि थर यांवरून होते. संयोजी ऊतीत मात्र पेशी विखुरलेल्या असतात आणि विरल, घन नियमित व घन अनियमित ही विभागणी तंतूंचे प्रमाण आणि मांडणी यांवर आधारलेली आहे. स्नायुरज्जूत (स्नायू हाडाला जोडणाऱ्या पट्ट्यात) कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंचे जुडगे एकाच दिशेने धावतात, तर अंतस्त्वचेच्या खोल थरात ते अनेक दिशांनी गुंफलेले दिसतात. पेशी दोन्हीकडे मुख्यतः फायब्रोब्लास्टच (तंतू बनवणाऱ्या पेशी) असल्यामुळे त्यांच्या प्रकारावरून हा भेद कळत नाही.

पेशींचा अभ्यास खऱ्या अर्थाने फळतो तो विरल ऊतीत. फायब्रोब्लास्ट, मॅक्रोफेज (भक्षक पेशी), मास्ट (कणयुक्त पेशी) आणि मेदपेशी तेथे कायम वस्तीला असतात, तर प्लाझ्मा पेशी, लिम्फोसाइट, न्यूट्रोफिल आणि इओसिनोफिल या संरक्षक पेशींची संख्या परिस्थितीनुसार बदलते. अ‍ॅलर्जी किंवा परजीवींचा संसर्ग असेल तर इओसिनोफिल वाढतात, तरीही ऊतीचा वर्ग तोच राहतो. शिवाय सगळ्या पेशी सारख्याच सहज ओळखू येत नाहीत. प्लाझ्मा पेशीचे एका बाजूला सरकलेले, घड्याळाच्या तबकडीसारखे केंद्रक लगेच लक्षात येते. मॅक्रोफेजने काही गिळलेले नसेल तर हिमॅटॉक्सिलिन-इओसिन या नेहमीच्या रंजनात तो फायब्रोब्लास्टपासून वेगळा काढणे अवघड जाते. पॉल एर्लिश यांनी 1878 च्या प्रबंधात वर्णिलेली मास्ट पेशीही या रंजनात सहज निसटते, पण टोल्युइडिन ब्लू हा रंग वापरला की तिचे कण जांभळट उठून दिसतात. त्यामुळे नेहमीच्या काचपट्टीत ती दिसली नाही, म्हणून ती तेथे नाहीच असे मानू नये.

मेद ऊती आणि कास्थी (कूर्चा) हे आधी तंतू पाहण्याच्या या क्रमाला ठळक अपवाद आहेत; तेथे ओळख पेशींवरूनच पटते. पांढऱ्या मेद ऊतीत प्रक्रियेदरम्यान चरबी विरघळून गेल्याने मोठी रिकामी पोकळी आणि कडेला दाबलेले केंद्रक दिसते. कास्थीत पेशी गर्तिकांमध्ये (लहान पोकळ्यांमध्ये) बसलेल्या असतात.

सर्वाधिक गोंधळ होतो तो स्नायुरज्जू आणि अपट्टकी (पट्टे नसलेला) स्नायू यांच्यात. स्नायुरज्जूतील बारीक, चेपलेली केंद्रके तंतूंच्या जुडग्यांमधल्या फटीत रांगेने असतात, तर अपट्टकी स्नायूत केंद्रक पेशीच्याच मध्यभागी असते. तरीही शंका उरली तर मॅसन ट्रायक्रोम रंजन पाहावे: त्यात कोलॅजेन निळे किंवा हिरवे आणि स्नायू लाल दिसतो. तंतुमय कास्थी आणि स्नायुरज्जू यांच्यात निवड करायची असेल तेव्हा मात्र तंतू पुरेसे पडत नाहीत, कारण कोलॅजेनचे समांतर जुडगे दोन्हीकडे असू शकतात. तेथे जुडग्यांमधल्या पेशी गोलसर असून गर्तिकांमध्ये आहेत का, हे शोधूनच उत्तर लिहावे.