रत्नागिरी की मालवण? आजी आणि पोरं बरोबर असतील तर

कोकणात जायचं एवढं घरात लगेच ठरतं. वाद पुढे सुरू होतो. चार दिवसांची रजा, त्यात रत्नागिरीही हवी आणि मालवणही हवं, असा हट्ट धरला तर निम्मी सुट्टी गाडीत जाते. दोन्ही गावं समुद्रकाठचीच असली तरी मधे राजापूर आहे, कणकवली आहे, आणि मागच्या सीटवर ज्याला गाडी लागते तो एक जीव प्रत्येक कुटुंबात असतोच. तेव्हा एकच निवडा. कुठलं, ते माझ्या परीने सांगतो.

आमच्याकडे आई पंचाहत्तरी ओलांडलेली, गुडघ्यांनी त्रस्त, पण घरी बसायला तयार नाही. मुलगी नववीत, तिला सगळं कंटाळवाणं वाटतं. मुलगा पहिलीत, त्याला सगळंच आवडतं, फक्त दहा मिनिटं. दोन्ही गावांत आम्ही राहून आलोय आणि दोन्हीकडे रमलो. कॉलेजातल्या मित्रांबरोबर जाणार असाल तर पुढचं वाचायची गरज नाही, सरळ मालवण गाठा. खालचा सगळा विचार तीन पिढ्या एका गाडीत कोंबून नेणाऱ्यांसाठी आहे.

समुद्र हाच निकष असेल तर मालवण जिंकलं, त्यात वाद नाही. तारकर्लीची वाळू पांढरी, बारीक, पायाला मऊ. हवा स्वच्छ असेल तेव्हा पाण्यात उभं राहिलं की स्वतःचे पाय दिसतात. माझा मुलगा तिथे सकाळी सातला जो पाण्यात शिरला तो नाश्त्यासाठी ओढूनच बाहेर काढावा लागला. रत्नागिरीत हे सुख नाही. मांडवीची वाळू काळी, तिथे लोक संध्याकाळी भेळ खायला आणि वारा घ्यायला जातात. भाट्याचा किनारा लांबच लांब आहे, सुरूचं बन आहे, पोरांना पळायला आणि पतंग उडवायला झकास, पण डुंबायला तिथे मी नेत नाही. गणपतीपुळ्याचा समुद्र तर दिसतो तसा नाहीच. थोडं आत गेलं की पायाखालची वाळू एकदम खचते आणि परतणारं पाणी ओढून नेतं. देवळासमोरच बुडाल्याच्या बातम्या येत असतात. तिथे फलक लावलेत ते शोभेसाठी नाहीत. तारकर्लीतही स्थानिकांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नये हे खरं, पण गुडघाभर पाण्यात पोरांना मनसोक्त खेळू द्यायला ती जागा फार चांगली.

किल्ल्याच्या बाबतीतही मालवणच सरस. चौथीच्या पुस्तकात वाचलेले शिवाजी महाराज पोरांना सिंधुदुर्गावर खरे वाटायला लागतात. १६६४ साली कुरटे बेटावर काम सुरू झालं आणि तीनेक वर्षांत भर समुद्रात अठ्ठेचाळीस एकरांचा किल्ला उभा राहिला. आत राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर आहे, चुन्यात उमटवलेले महाराजांच्या हाताचे आणि पायाचे ठसे आहेत, आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन विहिरी आहेत. चहूकडे खारं पाणी असताना विहिरीत गोडं पाणी कसं, हा प्रश्न मुलाने परतीच्या प्रवासात पाच जणांना विचारला. रत्नागिरीचा रत्नदुर्ग त्यापुढे साधा. भगवती देवीचं देऊळ, दीपगृह आणि तीन बाजूंनी समुद्र, एवढाच ऐवज. वरून मिऱ्याकडे दिसणारा देखावा सुंदर आहे, पण अंगावर काटा येत नाही.

म्हणजे समुद्र मालवणचा, किल्ला मालवणचा, मासे तर मालवणचेच. तरीही पुढच्या सुट्टीला आम्ही रत्नागिरीच पकडणार आहोत, आणि त्याचं कारण म्हणजे होडी.

मालवणात जे जे पाहायचं ते होडीपलीकडे आहे. सिंधुदुर्गाला होडी, देवबागच्या संगमाला होडी, त्सुनामी आयलंडला होडी, डॉल्फिन बघायला होडी. आता होडीत बसण्यात मजा आहेच, मी काही तक्रार करायला बसलो नाही. पण होडी भरली की सुटते, म्हणजे ती भरेपर्यंत धक्क्यावर उन्हात उभं राहायचं. मग आईला हात देऊन हलत्या फळीवरून आत घ्यायचं. पलीकडे उतरताना पुन्हा तेच, आणि तिकडे लाट जरा जास्त. उतरता उतरता होडीवाल्याने प्रेमाने सांगितलं, "तासाभरात परत येवा हां आजी, होडी थांबाची नाय." त्याचं काहीच चुकलं नाही. मागे रांग लागलेली असते, आणि त्याचा धंदाही चार महिने पावसात बंदच असतो. पण त्या तासाचं झालं काय, तर आईला दरवाजापासून शिवराजेश्वरापर्यंत सावकाश चालत नेण्यातच तो जवळजवळ संपला. मुलीला तटावर चढून फेरी मारायची होती, तिला अर्ध्यातून हाका मारून खाली उतरवलं. मुलाला शहाळं हवं होतं. आई एका झाडाखाली टेकली होती, तिला पुन्हा उठवताना मलाच कसंतरी झालं. इतक्या मोठ्या किल्ल्यात आम्ही घड्याळ पाहत हिंडलो.

वेळेच्या घाईपेक्षाही एक गोष्ट जास्त बोचली. होडीत एकदा बसलात की सगळे एकमेकांना बांधले गेलात. देवबागला संगमाकडे निघालो आणि निम्म्या वाटेत मुलाने जाहीर केलं, "बाबा, मला घरी जायचंय." रस्त्यावर असतो तर त्याला उचलून परत फिरलो असतो आणि बाकीच्यांना म्हटलं असतं, तुम्ही बघून या. होडीत काय करणार? तो रडत राहिला, ही त्याला समजावत राहिली, आईला ऊन लागायला लागलं, आणि मुलगी दुसऱ्याच कुटुंबातली असल्यासारखा चेहरा करून बसली. पाणी फार सुंदर होतं असं ती आता सांगते.

आमच्यासारख्या कुटुंबात सहलीचं खरं गणित हेच असतं, असं माझं मत झालंय. मधूनच कुणाला तरी परतता आलं पाहिजे, आणि त्यासाठी बाकीच्यांचा दिवस बुडता कामा नये. रत्नागिरी इथे गुपचूप पुढे निघून जाते. सगळं जमिनीवर, सगळं गावात किंवा गावाच्या कडेला, आणि रिक्षा जवळपास कुठेही मिळते. भाट्याला पोचल्यावर आईला वाटलं आज नको, तर तिला तिथल्या झरी विनायकाच्या देवळात बसवलं आणि आम्ही वाळूत गेलो. रत्नदुर्गाच्या पायऱ्या तिला जमणार नव्हत्या, तर ती आणि मुलगा मांडवीला थांबले, भेळ खाल्ली. कुणी कुणासाठी मन मारलं नाही.

दुसरी गोष्ट दुपारची. कोकणात बारा ते चार ऊन माणसाला वाळूत उभं राहू देत नाही, डिसेंबरातसुद्धा. मालवणात या वेळेचं उत्तर म्हणजे माशांचं जेवण आणि मग झोप. मोठ्यांना ते उत्तम, पण पहिलीतला मुलगा दुपारी झोपत नाही हे ज्यांच्या घरी आहे त्यांना वेगळं सांगायला नको. रत्नागिरीत दुपारला छप्पर आहे. मत्स्यालयात मुलगा टाक्यांना नाक लावून फिरला आणि देवमाशाच्या सांगाड्यापुढे गप्प झाला. आमच्याकडे ही मोठी गोष्ट आहे. मग थिबा राजवाडा. इंग्रजांनी १८८५ मध्ये ब्रह्मदेशच्या थिबा राजाला पदच्युत करून इथे आणून ठेवलं, आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. उतरत्या छपराची ती मोठी वास्तू, लाकडी नक्षीच्या अर्धगोल खिडक्या आणि पलीकडे खाडी. संग्रहालय लहान आहे, ते पाहायला फार वेळ लागत नाही. मला तिथलं खालचं थंडगार दालन आवडतं. आईलाही ते आवडलं, कारण तिथे तिला कुणी चल म्हणालं नाही. फक्त सोमवारी जाऊ नका, बंद असतो.

नववीतल्या मुलीचं डोकं पहिल्यांदा वर आलं ते इथेच. लोकमान्य टिळकांचं जन्मघर टिळक आळीत आहे, कौलारू, चौसोपी नाही पण ऐसपैस. सकाळी ते पाहिलं होतं. राजवाड्यात उभं राहून तिला सांगितलं की रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांना १९०८ ते १९१४ इंग्रजांनी मंडालेच्या तुरुंगात ठेवलं, आणि त्याच काळात मंडालेचा राजा इथे रत्नागिरीत कैदेत होता. "म्हणजे अदलाबदल केली?" तिने विचारलं. तिने स्वतःहून विचारलेला त्या सहलीतला तो पहिला प्रश्न. मग सगळ्या जातींना खुल्या असलेल्या पतितपावन मंदिरापाशी १९३१ साल, आणि ते उभारणारे सावरकर आणि भागोजीशेठ कीर यांच्याबद्दलही तिने ऐकून घेतलं. सिंधुदुर्गावर तिने इतकं ऐकलं नव्हतं, पण तिथे ऐकवायला वेळ कुठे होता.

रत्नागिरीचे तोटे लपवायचे नाहीत. हे शहर आहे. बाजारात गर्दी, रस्त्यांवर हॉर्न. सकाळी दार उघडलं आणि समोर समुद्र, असं राहायचं असेल तर ते तारकर्ली-देवबागेतच मिळतं, नारळाच्या झाडांमधल्या घरगुती खोल्यांमध्ये. रत्नागिरीत राहून रोज कुठेतरी निघावं लागतं. काही जण त्यावर उपाय म्हणून गणपतीपुळ्याला मुक्काम करतात. देवदर्शन, डोंगराला प्रदक्षिणा, जवळच मालगुंडला केशवसुतांचं स्मारक, आणि घरगुती शाकाहारी जेवण, उकडीचे मोदक. आजीआजोबांना ते फार मानवतं. पण शनिवार-रविवारी तिथे गर्दी इतकी होते की मला शहरातला मुक्काम बरा वाटतो. पुळ्याला आम्ही एका सकाळी आरे-वारेच्या रस्त्याने जाऊन येतो. त्या रस्त्यावर वळणाच्या वरच्या टोकाला गाडी थांबवायची, खाली दोन किनारे एकाच वेळी दिसतात, आणि आईला त्यासाठी गाडीतून उतरावंही लागत नाही.

जेवणाबद्दल थोडक्यात. मासे खाणारं घर असेल तर मालवणला एक गुण जास्त द्या. तिथल्या साध्या खानावळीतली सुरमई आणि सोलकढी रत्नागिरीत शोधावी लागते, मिळते पण शोधावी लागते. घरात एक जण जरी शाकाहारी असेल तर उलट. मालवणात आईने सलग तीन जेवणं डाळ-भात आणि बटाट्याची भाजी खाल्ली, तक्रार केली नाही, पण रत्नागिरीत पोचल्यावर तिने आमटी दोनदा मागून घेतली.

महिन्यांचाही हिशोब बघा. पावसाळ्यात सिंधुदुर्गाच्या होड्या बंद, वॉटर स्पोर्ट्स बंद, मग मालवणात समुद्र फक्त लांबून बघायचा. रत्नागिरी पावसातही चालते, किंबहुना आरे-वारेचा रस्ता तेव्हाच बघावा. मे महिन्यात घामाने दोन्हीकडे सारखेच हाल, पण आंबा रत्नागिरीचा. देवगडवाले रागावतील, रागावू देत. डिसेंबर-जानेवारीत मालवण सगळ्यात सुंदर आणि सगळ्यात भरलेलं. ख्रिसमसच्या आठवड्यात धक्क्यावरची रांग बघितली की माझं म्हणणं पटेल.

तुमची मुलं दहा-बाराच्या पुढची असतील, पोहता येत असेल, आणि बरोबरचे ज्येष्ठ टुणटुणीत असतील, तर मालवण नक्कीच उजवं ठरेल, मी अडवणार नाही. आमची मुलगी एकटी असती तर मीही तिकडेच गेलो असतो. पण त्यातही एक करा, किल्ल्याला सकाळच्या पहिल्या होडीने जा. ऊन कोवळं असतं, गर्दी नसते, आणि होडीवाल्याला निघण्यापूर्वीच सांगून ठेवलं की बरोबर म्हातारं माणूस आहे, थोडा जास्त वेळ द्या, तर बहुतेक जण ऐकतात. टोपी आणि पाणी आपलं आपण न्या. परतताना बाजारातून खाजा घ्यायचा, गुळाचा, आल्याची चव असलेला, आणि तो गाडीत मुलाच्या हातात द्यायचा नाही, सीट चिकट होतात.