शुक्रवारी गर्दी कमी असते, असं तो म्हणाला होता

16,470 रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण गावात तो फुगत फुगत तीस हजारांवर गेला आहे आणि परवा एकाने तर मी मोत्यांच्या धंद्यात बुडालो अशी बातमी बसस्टँडवर सांगितली. तसं काही नाही. हैदराबाद दर्शनाच्या एका दिवसात, सात माणसांमागे, एवढे गेले. प्रकार तुम्हाला माहीत असलेलाच आहे. पॅकेज स्वस्त, पैसे आधी, मग प्रत्येक दारात वेगळी वसुली. दिवाळीच्या सुट्ट्यांत आपल्याकडची बरीच मंडळी तिकडे निघतील, म्हणून लिहितो आहे. नाहीतर हे लिहायची मला काही हौस नाही.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला. पैनगंगा ओलांडली की आमचे आजोबा त्या मुलखाला मोगलाईच म्हणायचे. 1853 पर्यंत आपला वऱ्हाडही निजामाकडेच होता, आणि इंग्रजांकडे गेल्यावरसुद्धा निजामाच्या युवराजाला प्रिन्स ऑफ बेरार म्हणत. म्हणजे हैदराबादचं आम्हाला पहिल्यापासून अप्रूप. त्यात आईच्या डोळ्यांची तपासणी तिथल्या दवाखान्यात गुरुवारी ठरली. गाडी, खोली, सगळा खर्च होणारच होता, तर एक दिवस शहर पाहून घेऊ असं ठरलं. मी, बायको, आई, साळा, त्याची बायको आणि माझे दोन पोट्टे, एक 12 वर्षांचा, एक 9.

फोनवर शोधलं तर जाहिरात आली: दिवसभराची एसी गाडी, मराठी बोलणारा गाईड, सगळी तिकिटं आणि जेवण धरून माणशी 1,450, लहान मुलांना 950. चौमहल्ला राजवाडा, चारमिनार, सालारजंग म्युझियम, गोवळकोंडा, बिर्ला मंदिर, संध्याकाळी हुसेनसागर. माणूस नांदेडकडचं मराठी बोलायचा, गोड. मी त्याला स्पष्ट विचारलं, शुक्रवार चालेल का? तो थांबला. फोनवर दोन-तीन सेकंद काहीच आवाज नाही. मग म्हणाला, “उलट बरं आहे भाऊ. शुक्रवारी गर्दी कमी असते.”

त्या दोन-तीन सेकंदांवर मी किती रात्री घालवल्या ते माझं मला माहीत. सालारजंग म्युझियम शुक्रवारी बंद असतं. चौमहल्ला शुक्रवारी बंद असतो. अख्ख्या जगाला माहीत आहे, इंटरनेटवर लिहिलेलं आहे. गर्दी कमी असणारच ना, दाराला कुलूप असल्यावर! पण मला सांगा, दिवसभर खताच्या गोण्या मोजणाऱ्या माणसाने म्युझियमची साप्ताहिक सुट्टी पाठ करून ठेवायची का? विचारलं होतं मी. ज्याचा धंदाच तो आहे त्याला विचारलं होतं. यापेक्षा जास्त काय करायचं असतं?

पैसे आधी 2,000 मागितले, सीट पक्की करायला. रात्री पुन्हा फोन, दुसरी पार्टी पूर्ण पैसे द्यायला तयार आहे, तुम्ही मराठी माणूस म्हणून तुम्हाला आधी विचारतो. बाकीचे 7,150 टाकले. एकूण 9,150. पैसे पाठवताना स्क्रीनवर टूर कंपनीचं नाव नव्हतं, कुठल्यातरी बाईचं होतं. आता सगळे शहाणे मला तेच दाखवतात. अरे, आपल्या बाजारातल्या अर्ध्या दुकानांचे क्यूआर कोड बायकोच्या नावावर आहेत. माझ्या कृषी केंद्राचासुद्धा तसाच आहे! तरी पण सांगतो, नाव कंपनीचं नसेल तर पावती मागा. पावतीवर पत्ता आणि जीएसटी नंबर मागा. तो कुरकुरला की फोन ठेवा.

शुक्रवारी सकाळी साडेसातला लकडी का पूलजवळ उभे राहिलो. गाडी आली 9.50 ला. एसी नाही, आणि नंबर प्लेट पांढरी. भाड्याच्या गाडीला पिवळी प्लेट लागते हे आपल्याकडे काळीपिवळीवाल्या पोरालाही कळतं, आणि साळ्याने ते लगेच बोलूनही दाखवलं. पण आई सव्वादोन तास फुटपाथवर बसली होती, डोळ्यांत औषध घातलेलं, ऊन सहन होत नव्हतं. अशा वेळी माणूस प्लेट बघतो की म्हातारीला सावलीत बसवतो? ड्रायव्हरला मराठी येत नव्हतं. गाईड कुठे विचारलं तर म्हणे, किल्ले पे मिलेगा.

चौमहल्ल्याच्या फाटकाला कुलूप. सालारजंगच्याही. ड्रायव्हरने दोन्हीकडे गाडी हळू करून बाहेरून बोट दाखवलं, बस. सालारजंगमधलं ते वाजणारं घड्याळ बघायचं म्हणून धाकटा आठवडाभर नाचत होता. त्याला काय सांगायचं? आणि चारमिनारला पोचलो तर मक्का मशिदीत जुम्म्याची नमाज, हजारो माणूस रस्त्यावर, गाडी पुढे जायलाच तयार नाही. गर्दी कमी! लाड बाजारातून आईला हाताला धरून नेलं. चारमिनार खालून पाहिला, वर चढायला वेळ नाही म्हणाला.

वेळ नव्हता, कारण मोत्यांच्या दुकानाला दीड तास द्यायचा होता. हे दुकान जाहिरातीत कुठेच नव्हतं. एसी होती ती तिथे. चहा दिला, आईला खुर्ची दिली, दार आतून लोटून घेतलं. तासभर झाल्यावर आई मला बाजूला घेऊन म्हणाली, “काहून रे बाबू, आपल्याले मोतीच दाखवाले आणलं का यानं?” मी उठलो, तर ड्रायव्हर गाडीत नाही. दुकानदार म्हणे, आता येतोच, तोपर्यंत बघा. शेवटी बायकोने एक सर घेतला, 4,200 ला. तिला मी काही म्हणत नाही, तिच्या भावजयीसमोर रिकाम्या हाताने उठणं तिला जमलं नाही. गावी आल्यावर सोनाराने दोन मणी एकमेकांवर घासले. खरा मोती घासताना किंचित खरखरतो आणि बारीक भुकटी सोडतो. हे काचेसारखे सुळकन सरकले. सोनार हसला नाही, ते जास्त लागलं. बिल म्हणून आमच्याकडे नाव नसलेली कच्ची चिठ्ठी आहे. ड्रायव्हरने नेलेल्या दुकानात चहासुद्धा पिऊ नका.

जेवण पॅकेजमध्ये होतं. हॉटेलवाल्याला ते माहीत नव्हतं. 1,820.

गोवळकोंड्याला ड्रायव्हरने तिकिटांचे माणशी 100 गोळा केले, पोरांचेही, 700. तिकिटं त्याच्याच हातात. थोरल्याने त्याने फेकलेलं एक तिकीट उचललं, त्यावर 25 छापलेलं. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंना 15 वर्षांखालच्या मुलांना तिकीटच नसतं, ते तिथे पाटीवर लिहिलेलं आहे. म्हणजे आमचे लागत होते 125. मी जाब विचारला तर म्हणे पार्किंग, टोल, सब मिलाके.

मग गाईड आला. वीस-बावीसचा पोरगा, गळ्यात ओळखपत्र नाही, 600 वेगळे, नाहीतर आत स्वतःच फिरा. म्हणाला हा किल्ला निजामाने बांधला. मी दहावी पास माणूस आहे, पण एवढं मलाही कळतं. किल्ला काकतीयांच्या काळापासूनचा, कुतुबशहांनी तो वाढवला, 1687 मध्ये औरंगजेबाने घेतला, आणि निजामाचं राज्य सुरू झालं 1724 ला. आठ महिने वेढा घालून औरंगजेबाला जमलं नव्हतं, शेवटी आतल्याच फितुराने दार उघडलं, ही गोष्ट मात्र त्या पोराने बरोबर सांगितली. फतेह दरवाजाच्या कमानीखाली टाळी वाजवली की ती वर बालाहिसारला ऐकू येते. पोरांनी हात लाल होईस्तोवर टाळ्या वाजवल्या. वर जाऊन ऐकायला कोणालाच सोडलं नाही, 40 मिनिटांत परत या म्हणे. बिर्ला मंदिर आणि हुसेनसागरचा बुद्ध पुलावरून जाता जाता दाखवले, अंधारात. उतरवलं ते आमच्या खोलीपासून चार किलोमीटरवर.

आता खरा त्रास. फसवणारा निदान गोड तरी बोलत होता.

त्याच रात्री तिथल्या ठाण्यात गेलो. साहेबाने मान वर न करता विचारलं, पैसे कुठून पाठवले? महाराष्ट्रातून. “तो उधरीच देओ ना कंप्लेंट.” गावी आलो, तालुक्याच्या ठाण्यात गेलो. घटना कुठे घडली? हैदराबादला. मग तिकडे जा. मी म्हटलं साहेब, ते तुमच्याकडे पाठवतात. तर म्हणे, इथे रोज बोअरच्या मोटारी चोरीला जातात, त्या शोधू की तुमचं सहलीचं भांडण मिटवू? आणि वर, तुम्ही तर गाडीत बसलात, फिरलात, ही फसवणूक कुठे, हा तर दिवाणी मामला. अर्ज ठेवून जा म्हणाले. पोचवर सही-शिक्का मागितला तर शिक्का साहेबांच्या कपाटात, साहेब बंदोबस्ताला.

मग बँक. मॅनेजर बाई म्हणाल्या, पिन तुम्हीच टाकला ना? पिन टाकला म्हणजे व्यवहार तुमचा. हे वाक्य बहुतेक त्यांना प्रशिक्षणात शिकवत असावेत, कारण रोखपालानेही तेच म्हटलं, शिपायानेही. पर्यटनाच्या एका कार्यालयात फोन लावला. त्यांनी दुसरा नंबर दिला, दुसऱ्याने तिसरा, तिसरा नंबर फॅक्सचा निघाला. फॅक्स! एका ओळखीच्या पुढाऱ्याला सांगितलं. त्याने आधी, मला का नाही विचारलं, माझा माणूस आहे तिकडे, असं ऐकवलं, आणि आता तो फोन उचलत नाही.

हे सगळे मिळून मला दमवत असताना जिल्ह्याच्या ठिकाणी एका वकिलाने फुकटात जे सांगितलं ते लिहून ठेवा, कारण हे तुम्हाला कोणी खिडकीवर सांगणार नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहिता या नव्या फौजदारी कायद्याच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. झिरो एफआयआर म्हणतात त्याला. मी हे कागदावर लिहून ठाण्यात नेलं तर साहेबांचा पारा चढला, वकील झालात का म्हणे. आणि ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, हैदराबादच्या चकरा नकोत. दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, मुदत दोन वर्षं. त्याआधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर बोलून बघता येतं. ऑनलाइन पैशांची फसवणूक असेल तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन, तोही त्याच तासात, माझ्यासारखा ठाण्याच्या बाकावर बसून रात्र घालवून नाही.

स्क्रीनशॉट जपा. जाहिरात पुसली जाते, माझी पुसली गेली. आणि तेलंगणा पर्यटन महामंडळाच्या स्वतःच्या शहर-दर्शन बस आहेत. त्यातही दुकानात नेतील की नाही माहीत नाही, पण निदान भांडायला एक कार्यालय तरी आहे.

सगळ्यात जास्त टोचतं ते वेगळंच. माझ्या दुकानात पाटी आहे, पक्क्या बिलाशिवाय बियाणं घेऊ नका, पिशवी आणि टॅग हंगाम संपेपर्यंत जपून ठेवा. दरवर्षी जूनमध्ये घसा कोरडा करून सांगतो, बोगस बियाणं निघालं तर बिलाशिवाय कोणी विचारणार नाही. आता जो येतो तो आधी पाटीकडे बघतो, मग माझ्याकडे. “भाऊ, हैदराबादचं बिल ठेवलं का जपून?” हसा. युरियाच्या गोण्या उधारीवर नेताना मात्र कोणी हसत नाही.

ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे, तारीख पडली आहे. समोरच्याचा पत्ता नाही म्हणून नोटीस कुठे पाठवायची हा घोळ अजून सुटलेला नाही. पत्ता नसला तरी त्याचा फोन मात्र चालू आहे. काल त्याच नंबरवरून बायकोच्या मोबाइलवर मेसेज आला, तिरुपती बालाजी, व्हीआयपी दर्शनासह, माणशी 3,999, सीट थोड्याच उरल्यात. तो मेसेज मोठ्या अक्षरात छापून दुकानाच्या काउंटरवर चिकटवला आहे. ज्याला बघायचा त्याने येऊन बघावा, उधारी चुकती करायलाही हरकत नाही.