शाळेच्या वेधशाळेच्या नावाखाली २,३८,००० रुपये गेले

शाळेत वेधशाळा उभारून देतो म्हणणाऱ्या एका विक्रेत्याशी एकूण ठरले ३,४०,०००. तीन मीटरचा फायबरचा डोम १,८५,०००, टेलिस्कोप ९५,०००, आयपीस (डोळा लावायची भिंगं) आणि सौर फिल्टर २५,०००, प्रशिक्षण व गावासाठी चार आकाशदर्शनं ३५,०००. सत्तर टक्के आगाऊ, म्हणजे २,३८,००० रुपये चेकने गेले. उरलेले १,०२,००० डोम बसल्यावर द्यायचे होते, म्हणून वाचले. डोम आलाच नाही, फोन बंद. हे पैसे माजी विद्यार्थ्यांनी जमवलेले होते.

डेमो आम्ही मागितला होता, न बघता घेतलं असं कुणी म्हणू नये. त्या रात्री विक्रेत्याने मैदानात आणला तो ८ इंची आरशाचा डॉब्सोनियन, म्हणजे साध्या खोक्यासारख्या बैठकीवर फिरणारा टेलिस्कोप. गुरूचे पट्टे अख्ख्या गावाने स्वच्छ पाहिले. "शाळेला येईल तो याहून भारी, स्टँडवाला," असं सांगितलं. आला तो ११४ मिलिमीटरचा. ८ इंच म्हणजे २०३ मिलिमीटर; त्याच्या तुलनेत हा एक तृतीयांशाहूनही कमी प्रकाश गोळा करतो.

कळायला हवं होतं ते कोटेशन हातात आलं तेव्हाच. नियमाप्रमाणे तीन कोटेशनं लागतात. "बाकीची दोन मीच आणून देतो," म्हणाला आणि आम्ही आणू दिली. बऱ्याच शाळांत असंच चालतं. तीन वेगळी लेटरहेडं, पण तिन्हींत "दुर्बीन" असंच छापलेलं. तिन्हींत "१००० मिमी, ७५० पट", आणि आरशाचा व्यास एकातही नाही! समितीत दोन विज्ञान शिक्षक. तिन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी होते आणि आम्ही फक्त खालची रक्कम ताडून पाहिली.

टेलिस्कोप घेताना पहिला प्रश्न व्यासाचा. उपयोगी वर्धन (किती पट मोठं दिसतं ते) व्यासाच्या मिलिमीटरच्या जेमतेम दुप्पट, म्हणजे ११४ ला २२८ पट. ७५० हा आकडा दिसला की उठून जा. दुसरं, टेप लावा. साध्या न्यूटोनियनची, म्हणजे आरशाच्या टेलिस्कोपची, फोकल लांबी (आरशापासून प्रतिमेपर्यंतचं अंतर) १००० मिमी असेल तर नळीही साधारण मीटरभर लांब हवी. आमची ४६ सेंटिमीटर निघाली. अशा नळीत गोलीय आरसा आणि फोकसरमध्ये (आयपीस बसतो त्या भागात) फोकल लांबी वाढवणारं भिंग बसवलेलं असतं. त्या भिंगामुळे लेझरने कॉलिमेशन (आरसे एका रेषेत जुळवणं) नीट होत नाही, आणि १०० पटीलाच गुरू पिठासारखा दिसतो. स्टँड विषुववृत्तीय (ध्रुवताऱ्याकडे रोखलेल्या अक्षावर फिरणारा) असेल तर अक्षांशाची पट्टी तुमच्या गावापर्यंत खाली येते का ते पाहा. कोल्हापूर १६.७ अंशांवर आहे. इतक्या खाली झुकवल्यावर काही स्टँडचं तोल सांभाळणारं वजन तिपाईच्या पायाला अडतं.

सगळ्यात संताप येतो तो सौर फिल्टरचा. दिला तो आयपीसला स्क्रूने बसणारा, काळ्या काचेचा, बोटाच्या पेराएवढा. आरशाने एकवटलेली सगळी उष्णता त्या काचेवर पडते, ती तडकते, आणि त्या क्षणी मुलाचा डोळा आयपीसला असतो. फिल्टर नळीच्या तोंडावर, पूर्ण झाकणारा, वाऱ्याने न उडेल असा चिकटपट्टीने बांधलेलाच हवा. फाइंडरलाही (नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीला) झाकण घाला.

पोलीस ठाण्यात ऐकलं, "माल मिळाला ना? मग दिवाणी बाब." डोम कुठे मिळाला, विचारलं तर "अर्ज ठेवून जा." तीन फेऱ्या झाल्या, पोच नाही. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर सांगितलं, ऑनलाइन व्यवहार नाही. शिक्षण विभागात उलट आम्हालाच नोटीस: तीन कोटेशनं एकाच माणसाकडून का घेतली? बरोबर आहे, पण मग त्याच माणसाने आणखी कुठल्या शाळांना गाठलं ते विचारायला एकही अधिकारी तयार नाही. फिल्टरचं सांगितलं तर "तो तांत्रिक विषय." मुलांचे डोळे तांत्रिक विषय?

बिलावरचा जीएसटी क्रमांक चेक देण्याआधी पोर्टलवर टाकून पाहा. आम्ही नंतर टाकला, नाव भलतंच. डोमचे पैसे डोम उभा राहिल्यावरच. खरं तर डॉब्सोनियनला डोम लागतच नाही, गावच्या फॅब्रिकेटरकडून सरकतं पत्र्याचं छप्पर करून घेतलं तरी भागतं. माल घेताना व्यास, नळीची लांबी आणि फिल्टर यांचे टेप लावून फोटो काढा, मगच पोच द्या.

ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. आमची तक्रार तिथे दाखल झाली आहे. नळीतून २५ मिमीच्या आयपीसने चंद्र आणि कृत्तिका दिसतात, तेवढं मुलांना दाखवतो. फिल्टर पाकिटात सील करून कपाटात ठेवला आहे, किल्ली मुख्याध्यापकांकडे.